आठवीत शिरलो, नववीत टिकलो

आमच्याकडे सातवीपर्यंतची शाळा गावात आणि आठवीपासून हायस्कूल. दहावीला एसएसएलसीची बोर्डाची परीक्षा. म्हणजे हायस्कूल अवघं तीन वर्षांचं, आणि त्यातलं शेवटचं वर्षच सगळ्यांच्या बोलण्यात येतं. किती टक्के पडले, गणितात कोण गेला, पुढं बेळगावात आरपीडी कॉलेजला प्रवेश घेतला की लिंगराजला, वगैरे. आधीच्या दोन वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. पण आमच्या वर्गाचं जे काही व्हायचं ते त्या दोन वर्षांतच झालं. १९७३ च्या जूनमध्ये आम्ही आठवीत बसलो तेव्हा वर्ग साठाच्या घरात होता. नववीतून बाहेर पडलो तेव्हा बरीच बाकं रिकामी होती. दहावी-बिहावी नंतरची गोष्ट.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रोडपासून आत, मार्कंडेय नदीच्या काठाला. हायस्कूल होतं शेजारच्या मोठ्या गावात. आजूबाजूच्या पाच-सहा गावांची पोरं तिथं यायची. त्या रस्त्यावरून दोन सरकारांच्या गाड्या धावायच्या, कर्नाटकाची बस आणि चंदगडकडून येणारी महाराष्ट्राची एसटी. आमच्या उपयोगाची एकही नव्हती. एक शाळा भरून गेल्यावर यायची आणि दुसरी फाट्यावर थांबायचीच नाही. तेव्हा चालत जायचं. ज्यांच्या घरी सायकल होती त्यांची ती सायकल सकाळी दूध घालायला बेळगावला गेलेली असायची.

प्रवेशाला आप्पा बरोबर आले होते. टीसी, सातवीच्या पब्लिक परीक्षेची मार्कलिस्ट आणि फीचे पैसे धोतराच्या सोग्यात बांधलेले. क्लार्कनं रजिस्टर उघडून जन्मतारीख विचारली तेव्हा माझ्या पुढच्यानं सांगितलं १ जून, त्याच्या पुढच्याची १ जून, माझीही १ जून. क्लार्क मान वर न करताच लिहीत होता. गावच्या गुरुजींनी पहिलीत नाव घालताना सगळ्यांना तीच तारीख वाटून टाकलेली. त्यामुळं कागदोपत्री आमचा अर्धाअधिक वर्ग एकाच दिवशी जन्मला. पण खरी वयं बघितली तर दोन-दोन, तीन-तीन वर्षांचा फरक. काहींच्या ओठावर मिसरूड आलेली, काहींची चड्डी अजून करदोट्यावर टिकलेली.

खरेदीला बेळगावला गेलो. खडेबाजारात खाकी चड्डीचं कापड, आणि गणपत गल्लीत वह्या नि कंपासपेटी. ही कंपासपेटी म्हणजे हायस्कूलचा खरा दाखला होता. पत्र्याची, आत गुलाबी कागद, त्यात कोनमापक, दोन गुण्या, कर्कटक, दुभाजक. भूमितीचा तास सुरू व्हायच्या आधीच निम्म्या वर्गानं कर्कटकाच्या टोकानं बाकावर आपली नावं कोरून घेतली होती. गुण्या हरवायला वेळ लागला नाही. दुभाजकाचा उपयोग शेवटपर्यंत कुणाला कळला नाही, पण चिखलातून चालताना तळव्यात काटा मोडला की तो काढायला त्याच्यासारखं हत्यार नव्हतं.

जून-जुलैची हायस्कुलं आमच्या भागात नावालाच चालायची. पाऊस असा लागायचा की आठ-आठ दिवस ऊन नाही. डोक्यावर पोत्याची खोळ, दप्तर खतांच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी, पायात काही नाही. चपला असल्या तरी हातात. मार्कंडेयला पाणी चढलं की नदीपल्याडची पोरं येऊ शकायची नाहीत. साकवावरून पाणी जायला लागलं की त्यांच्याबद्दल वर्गशिक्षकांनी विचारायचं आणि आम्ही एकसुरात सांगायचं, "सर, पूर आलाय." सर हजेरीवर टिंब घालायचे. गैरहजेरीची फुली नाही, टिंब. त्या टिंबाचं पुढं काय करायचे कुणास ठाऊक. एवढं खरं की पुरामुळं आमच्या वर्गातल्या कुणाचं वर्ष गेलं नाही.

पूर ओसरला की रोपलावण. मग तर पल्याडची नाहीत आणि अलीकडचीही नाहीत. घरातली झाडून सगळी माणसं चिखलात. आमच्या घरी आप्पांनी शाळेला आडकाठी केली नाही, पण "आज एवढा तुकडा लावून टाकू, मग जा" असं म्हणायचे आणि तो तुकडा काही संपायचा नाही. मोठ्या शहरातल्या माणसाला वाटेल की बापाला शिक्षणाची किंमत नव्हती. तसं नव्हतं. रोप वेळेत लागलं नाही तर भात नाही, आणि भात नाही तर पुढच्या जूनला फी कशातनं भरायची? हा हिशेब आप्पांना पक्का ठाऊक होता. तेव्हा मला राग यायचा, ते सोडा.

खरं हायस्कूल गणपतीनंतर सुरू व्हायचं. तोवर कुठला विषय कुणाकडं हेही नीट डोक्यात बसलेलं नसायचं. गावच्या शाळेत एकच गुरुजी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं शिकवायचे. भूक लागली तरी त्यांनाच सांगायचं. इथं तास बदलला की माणूस बदलायचा. इंग्रजीच्या सरांना आमच्या गणिताशी देणंघेणं नाही, गणिताच्या सरांना आमच्या घरच्या म्हशीशी नाही. पहिले काही महिने आम्ही बावचळल्यासारखे होतो. तास संपल्याची घंटा झाली की कोण येणार म्हणून दाराकडं बघत बसायचो आणि कुठली वही काढायची ते शेजारच्याला विचारायचो.

इंग्रजीत आम्ही गावाकडची पोरं फारच कच्ची. अक्षरं यायची, शब्द यायचे, वाक्य यायचं नाही. सरांनी एक पद्धत काढली. रोज फळ्यावर मराठीत पाच वाक्यं, सगळी गावातलीच. "माझे वडील शेतात भात लावत आहेत." "काल बाजारात रताळी स्वस्त होती." ती इंग्रजीत करून आणायची. पुस्तकातल्या लंडनच्या धुक्यापेक्षा हे बरं होतं. अडचण एकच, रताळ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते पुस्तकात नव्हतं, मग सरांनाच सांगावं लागायचं. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात आठवी शिकलेल्या माणसाला दुसरं काही येवो न येवो, रताळं, बटाटा आणि वाटाणा यांची स्पेलिंगं चुकायची नाहीत.

कन्नड शिकवायला जे सर होते ते बैलहोंगलकडचे. मराठी बोलायचे, पण त्यांच्या मराठीत बाई यायचा आणि म्हैस जायचा. वर्ग खिदळायचा. सर रागवायचे नाहीत. म्हणायचे, "हसा. आता तुम्ही कन्नड बोला, मी हसतो." आणि आमच्यातला कुणी उभा राहून वाचायला लागला की खरोखरच पोट धरून हसायचे. त्यांच्याकडं मी जे कन्नड शिकलो तेवढंच आजवर पुरलं. बाजारात, बँकेत, तहसीलदार कचेरीत, बसवर लिहिलेलं वाचायला. बेळगावच्या बाजारात तसंही दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठी आणि दुसऱ्याशी कन्नड बोलत असतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. भाषेचं भांडण वर्गात कधी नव्हतं. ते वर्गाबाहेर होतं, आणि मोठं होतं, हे मात्र आम्हाला आठवीतच समजलं.

कारण त्याच वर्षी राज्याचं नाव बदललं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं, तेव्हापासून आमच्या भागात १ नोव्हेंबर हा काळा दिवस. सरकारी कचेऱ्यांवर राज्योत्सवाचा झेंडा आणि मराठी माणसांची दुकानं बंद, काळे झेंडे, मोर्चा. १९७३ च्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं. आमच्या वह्यांवर, दाखल्यांवर, शाळेच्या रबरी शिक्क्यावर तोवर म्हैसूरच होतं. नवा शिक्का येईपर्यंत क्लार्कनं पेनानं 'म्हैसूर' खोडून वर 'कर्नाटक' लिहायचा सपाटा लावला. आमच्यातल्या एकानं आपल्या वहीवर दोन्ही खोडून 'महाराष्ट्र' लिहिलं. वर्गशिक्षकांनी वही बघितली, काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "आत शुद्धलेखन बघ आधी." ते सर स्वतः मराठीच. नोकरी सरकारी नियमांची, घरी 'तरुण भारत', मनात काय असेल ते असो.

मला स्वतःला सीमाप्रश्न कळला तो अभ्यासक्रमावरून. माझा मामा चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. सरळ रेषेत बघितलं तर आमच्या गावापासून फार लांब नाही. त्याची दोन पोरं माझ्याच वयाच्या आसपासची. त्यांचं पुस्तक मला चालायचं नाही, माझं त्यांना चालायचं नाही. मामा दर वर्षी मोठ्या मायेनं थोरल्याची जुनी पुस्तकं नि गाईडं पिशवीत घालून आणायचा आणि आई ती मानानं ठेवून घ्यायची. भाषा तीच, धडे वेगळे. विज्ञान तेच, पण क्रम वेगळा. गणितातली उदाहरणं वेगळी. गाईड बघून अभ्यास करायला बसलो तर आमच्या परीक्षेत नसलेलंच सगळं पाठ व्हायचं.

इतिहासात तर फारच. ती पोरं तानाजी, बाजीप्रभू, पानिपत वाचायची. आम्ही हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा दुसरा पुलकेशी, विजयनगर आणि कित्तूरची राणी चन्नम्मा. सुरुवातीला घरी म्हातारी माणसं नाक मुरडायची. पण हे सगळं आमच्या जवळचंच होतं की. कित्तूर आमच्याच जिल्ह्यात. १८२४ साली कंपनीच्या फौजेशी तिथं लढाई झाली आणि कलेक्टर थॅकरे मारला गेला. चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा, त्याला फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, आणि नंदगडच्या बाजाराला आमच्याकडचे लोक जात-येत असतात. नववीत कित्तूरला सहल गेली. किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर चढून आम्ही "हर हर महादेव" ओरडलो. कन्नडचे सर बरोबर होते. तेही ओरडले. चन्नम्मा काय, शिवाजी महाराज काय, महादेव दोघांचाच.

आठवी पास होणं अवघड नव्हतं. वर्गातले बहुतेक सगळे वर गेले. पण मेच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा सगळे आले नाहीत. १९७४ चं ते वर्ष महागाईचं. रॉकेल मिळेना, वह्यांच्या किमती चढलेल्या, मे महिन्यात रेल्वेचा संप. घराघरातनं एकेक पोरगं कमी झालं. दोघे उद्यमबागला फौंड्रीत हेल्पर म्हणून लागले. एक वडगावला मागावर बसला. वर्गात सगळ्यांत थोराड होता तो पहाटे उठून पळायचा, त्याचं लक्ष मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीवर. आमच्या भागात पलटणीत जाणं म्हणजे घराचं सोनं झालं असं समजत. मुली आठवीला दहा-बारा होत्या, नववीला अगदी थोड्या. पहिल्या बाकावर बसणारी एक होती, बीजगणितात फळ्यावरची सरांची चूक ती बसल्या जागेवरून सांगायची. तिचं लग्न मेमध्येच लावून दिलं. लावणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हा पोरांनाही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

पाऊस पडून गेल्यावर बाजाराच्या वाटेवर त्या सोडलेल्यांपैकी कुणी भेटायचा.

"काय गा, काय करूलैस?"

"शेत करूलोय की. तुझी शाळा काय म्हणते?"

"चाललीय."

एवढंच. पण तो पुढं गेल्यावर हमखास मागं वळून विचारायचा, इंग्रजीचे सर तेच हायत काय? मारतात काय अजून?

नववीची सुरुवात मात्र धूमधडाक्यात झाली. शिवराज्याभिषेकाला १९७४ च्या जूनमध्ये ३०० वर्षं झाली. बेळगावची शिवजयंती तशी वैशाखात, चित्ररथांची, रात्रभर चालणारी. ती बघायला आम्ही बैलगाड्या जोडून जात असू. त्यात हे राज्याभिषेकाचं वर्ष. शाळेत व्याख्यानं, वक्तृत्व स्पर्धा, गावातून मिरवणूक. मी मावळा होतो. सगळेच मावळे होते. महाराज एकच, आणि तो मान कुणाच्या पोराला द्यायचा यावरून गावच्या पंचांत अबोला धरण्यापर्यंत गोष्ट गेली. शेवटी हेडमास्तरांनी पलीकडच्या गावचा मुलगा महाराज केला आणि भांडण मिटवलं.

त्याच सुमाराला, म्हणजे १८ मेला, पोखरणला अणुस्फोट झाला होता. सुट्टीत रेडिओवर ऐकलेलं. आमच्याकडे सांगली आकाशवाणी चांगली लागायची. शाळा भरल्यावर विज्ञानाच्या सरांना सगळ्यांनी तेच विचारलं. सरांनी अणू, केंद्रक, सगळं फळ्यावर काढून दाखवलं आणि मग म्हणाले, "ते राहू द्या. आपण आपल्यापुरता प्राणवायू तयार करू."

प्रयोगशाळा म्हणजे स्टाफरूमच्या मागची अरुंद खोली. एक लांब टेबल, काचेचं कपाट, कपाटाला कुलूप. नववीत पहिल्यांदा ते कुलूप आमच्यासाठी उघडलं. सरांनी जाड काचेच्या परीक्षानळीत पोटॅशियम क्लोरेटची पांढरी भुकटी आणि मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी मिसळून घातली, बुचातून वाकडी नळी काढली, नळीचं टोक पाण्यानं भरलेल्या तसराळ्यात बुडवलं. खाली स्पिरिटचा दिवा. पाण्यात उपड्या ठेवलेल्या बरणीत बुडबुडे चढायला लागले. पहिले बुडबुडे सोडून द्यायचे, ती नळीतली साधी हवा असते. आम्ही इतके पुढं सरकलो होतो की मागचे टेबलावर चढले. बरणी भरली. सरांनी उदबत्तीएवढी एक काडी पेटवली, फुंकून विझवली, टोकाला नुसता निखारा उरला. तो बरणीत घातला आणि काडी भप्पकन पेटली. पुन्हा विझवली, पुन्हा घातली, पुन्हा पेटली. तिसऱ्या वेळी काडी एका पोरानं हातात मागून घेतली, त्याची भुवई जराशी होरपळली, आणि तो दिवसभर ती भुवई सगळ्यांना दाखवत फिरला. मँगनीज डायऑक्साइड स्वतः खर्ची पडत नाही, नुसता वेग वाढवतो, हे मला आजही आठवतं. ते वाचून नव्हे, तर वापरलेली काळी भुकटी सरांनी धुऊन, वाळवून परत बाटलीत भरून ठेवली म्हणून. शाळेची परिस्थिती तशीच होती.

पण नववीचं खरं काम वेगळंच होतं. दहावीचा निकाल शाळेची अब्रू, आणि त्या अब्रूसाठी नववीतच कच्चे बाजूला काढायचे, असा तेव्हा बऱ्याच हायस्कुलांचा रिवाज होता. सुपात भात घेऊन पाखडावं तसं. सहामाहीनंतर हेडमास्तर वर्गात येऊन ज्यांची नावं वाचायचे त्यांना कळून चुकायचं. मला हे तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. जे पोरगं लावणीला, सुगीला, मळणीला शाळा बुडवून घरचं करतं त्याला बीजगणित येणार कधी? त्याला नापास करून शाळेची टक्केवारी वाढली, त्याचं शिक्षण मात्र तिथंच संपलं. दुसऱ्यांदा नववीला बसायला पाठवणारा बाप विरळाच.

आमचं नशीब थोडं बरं. गणिताच्या सरांनी दिवाळीनंतर, सुगी आटोपल्यावर, रात्रीचा अभ्यास सुरू केला. शाळेतच. जेवण करून कंदील घेऊन यायचं. रॉकेलची टंचाई म्हणून सगळ्यांनी रोज कंदील आणायचा नाही, पाळीपाळीनं आणायचा, एका कंदिलाभोवती सात-आठ जण. सर स्वतः खांद्यावर शाल टाकून बसायचे. वर्गसमीकरण सुटेना की ओरडायचे नाहीत, नुसतं विचारायचे, "कुठं अडलं?" आणि अडलेल्याला नेमकं कुठं अडलंय हेच सांगता यायचं नाही. ते सांगायला शिकलो तेव्हा अर्धी गणितं आपोआप सुटली. अकराच्या सुमाराला कुणीतरी घरून आणलेली उकडलेली रताळी निघायची. सर पहिलं घ्यायचे. त्या रात्रीच्या बैठकीत आमच्या पाच-सहा गावांच्या पोरांचा एक वर्ग झाला. तोवर आम्ही गावागावाची वेगळी टोळी करूनच बसायचो.

तिकडे मामाच्या घरी त्याच वर्षी वेगळीच गंमत. महाराष्ट्रात नवा दहावीचा आकृतिबंध सुरू होत होता. १९७५ च्या मार्चमध्ये जुन्या अकरावीची शेवटची मॅट्रिक आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा अशा दोन्ही झाल्या. मामाचा थोरला अकरावीला, धाकटा दहावीला. दोघे भाऊ एकाच वर्षी बोर्डाला. मामी नवस कुणासाठी बोलली ते दोघांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही म्हणे. आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा, कारण आमची बोर्डाची परीक्षा अजून एक वर्ष लांब होती.

नववीचा निकाल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. नोटीस बोर्डावर कागद, बोर्डासमोर गर्दी. रात्रीच्या अभ्यासाला बसणारे बहुतेक सगळे वर. बाकीच्यांतले बरेच खाली. थोराड पोरगा त्याआधीच पलटणीत भरती झालेला, त्याचं नाव यादीत नव्हतंच. हेडमास्तरांनी पास झालेल्यांना तिथंच सांगून टाकलं, सुट्टी नाही, दहावीचे जादा वर्ग सोमवारपासून.

आम्ही शाळेच्या फाटकापाशी आलो तर आठवी पास झालेली पोरं वाट बघत उभी. नववीची पुस्तकं अर्ध्या किमतीत द्यायची घ्यायची, हा दर वर्षीचा बाजार. माझं विज्ञानाचं पुस्तक बघून एकजण म्हणाला, "पानं फाटलीत की. पाव किंमत देतो."

"फाटलेली नाहीत, भिजलेली आहेत," मी म्हटलं. "तू नदीपल्याडचा न्हवं? मग तुझीही भिजणारच. अर्धीच घे."

घेतलं त्यानं.